ओळ ५३ वर काहीही नाही

मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या पेढीसाठी शेतकऱ्यांची पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचा हिशेब, काढायचा प्रोग्राम पायथन या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहीत होतो. रात्री अकराला रन केला. 'लाइन ५३, इनव्हॅलिड सिंटॅक्स.' म्हणजे ५३ व्या ओळीत व्याकरणाची चूक.

ओळ ५३ काय, तर 'टोटल = ०'. याहून गरीब ओळ सापडायची नाही. तरी ती वाचली, मोठ्यानं वाचली. पुसून पुन्हा तश्शीच टाइप केली. शेवटी वैतागून उडवूनच टाकली. तर खालची ओळ सरकून तिच्या जागी आली आणि एरर तिच्या बोकांडी! कॉलेजात सी ही भाषा शिकताना हेच. दुसऱ्या फाइलला वरून जोडायच्या हेडर फाइलच्या शेवटी सेमीकोलन विसरलो मी, आणि बोंब भलत्याच फाइलच्या नावानं.

वडील कॉटवर पाण्याची पातळी बघत पडलेले. पावसाळ्यात सांगलीकराला आयर्विन पुलाचा आकडा बघितल्याशिवाय झोप येत नाही; ४० फूट इशारा, ४५ ला धोका. तेवढ्यात शेजारच्या काकांचा फोन. सांगलीत दिवसभर थेंब नाही, मग पाणी का चढालंय?

वडील फोनवर म्हणाले, "अहो, पुलाकडं काय बघत बसलाय? कोयनेतनं किती सोडलंय ते बघा की!"

मी गुपचूप वर सरकायला लागलो. ५२, ५१, ५०... ओळ ४१ वर दरांचा महिरपी कंस उघडलेला. राजापुरी, सेलम, गड्डा, अकरा ओळी दर. कंस बंद करायचा राहिलेला. पायथन बिचारा दर समजूनच पुढं वाचत गेला. टोटलपुढचं 'बरोबर' कुठल्या दरात बसवायचं ते कळेना, तिथं तो ओरडला. ठेच लागली ती जागा त्यानं सांगितली. दगड कुणी टाकला ते त्याला काय माहीत?

२०२१ साली आलेल्या ३.१० आवृत्तीपासून तो शहाणा झालाय. कंस मिटलाच नाही म्हणतो, आणि उघडला तीच ओळ दाखवतो. पण पेढीवर विंडोज ७, त्यावर ३.८ च्या पुढचा पायथन चढत नाही. नवा कॉम्प्युटर घ्या म्हटलं, तर शेठ म्हणाले, "चालतंय की ह्यो."

सकाळी पट्टी छापून दिली, सोबत माझं बिल. रात्रभर काय झालं तेही हौसेनं सांगितलं. शेठ चष्म्यावरून बघत राहिले.

"म्हंजे कंस तुम्हीच इसरला हुता न्हवं? मग रातीचं पैसं मला कशाला लावलाय?"