‘गाडी मोठी आहे, बिनधास्त ओढा’ म्हणणाऱ्या पोस्टला उत्तर

धाकट्या भावाने परवा एक पोस्ट पाठवली आणि खाली लिहिलं, "दादा, वाच. तू उगाच घाबरवत होतास." तो कुटुंबासाठी ट्रॅव्हल ट्रेलर घ्यायच्या विचारात आहे. झोपायची, स्वयंपाकाची सोय असलेली, गाडीमागे जोडून न्यायची चाकांवरची खोली म्हणजे हा ट्रेलर. ओढायला त्याच्याकडे तीन रांगांची मोठी एसयूव्ही आहे. ही पोस्ट मला आधी आणखी दोन ठिकाणांहून आली होती आणि मी ती सोडून दिली होती. आता ती घरात पोचली आहे, म्हणून उत्तर देतो.

पोस्टचं म्हणणं थोडक्यात असं. एक, ब्रोशरमधलं ट्रेलरचं वजन गाडीच्या टो रेटिंगपेक्षा (गाडी किती वजन ओढू शकते त्याचा कंपनीने दिलेला आकडा) कमी असलं की काम झालं. दोन, दारावरचं पेलोडचं (गाडीत माणसं-सामान मिळून किती वजन भरता येतं त्याचं) स्टिकर कंपन्यांनी कोर्टकचेरीच्या भीतीने लावलेलं असतं, त्याकडे बघू नका. तीन, हिचवर, म्हणजे गाडीमागे ट्रेलर जोडायच्या सांध्यावर, फार वजन येत असेल तर ट्रेलरमधलं सामान मागे सरकवा. चार, वेट डिस्ट्रिब्युशन हिच लावला की गाडीची क्षमता वाढते. पाच, युरोपात साध्या गाड्याही कॅरॅव्हॅन ओढतात, मग आपली एसयूव्ही का नाही?

तिसऱ्या मुद्द्यापासून सुरुवात करतो. बाकीचे सल्ले ऐकून गाडीची झीज होईल, हा सल्ला ऐकून माणसं मरू शकतात.

ट्रेलरचं वजन दोन ठिकाणी पेललं जातं: बहुतेक त्याच्या स्वतःच्या अ‍ॅक्सलवर आणि उरलेलं पुढे हिचच्या बॉलवर, म्हणजे ट्रेलरचं तोंड ज्यावर बसतं त्या गोळ्यावर. या पुढच्या वजनाला टंग वेट म्हणतात. ट्रॅव्हल ट्रेलर भरून तयार झाला की त्याच्या एकूण वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के वजन बॉलवर यायला हवं. सामान अ‍ॅक्सलच्या मागे ढकललं की बॉलवरचा आकडा उतरतो हे खरं. कागदावर सगळं बसतं. पण ट्रेलरचा गुरुत्वमध्य मागे गेलेला असतो. बाजूने मोठा ट्रक गेला किंवा आडवा वारा लागला, की ट्रेलर बॉलभोवती डोलायला लागतो आणि प्रत्येक हेलकाव्याला एसयूव्हीचा मागचा भाग आडवा ढकलतो. वेग कमी असेल तर हेलकावे आपोआप विरतात. मात्र गाडी आणि ट्रेलरच्या प्रत्येक जोडीला एक वेग असा असतो, की त्यापुढे दुसरा हेलकावा पहिल्यापेक्षा मोठा, तिसरा दुसऱ्यापेक्षा मोठा होत जातो. सामान मागे सरकवून तुम्ही नेमका तो वेग खाली आणता.

म्हणूनच हा सल्ला इतका फसवा आहे. ताशी ६० किलोमीटरला काही जाणवत नाही, ८० लाही नाही. "बघा, मस्त चालतंय" असं म्हणेपर्यंत उतार लागतो, काटा १०० कडे जातो आणि मागचं सगळं धूड हलायला लागतं. घाबरलेला माणूस ब्रेक दाबतो. पुढची गाडी मंदावते, मागचा ट्रेलर तिला ढकलतो आणि जोडी मधोमध दुमडते. तेव्हा करायचं ते वेगळंच असतं: अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढायचा, स्टिअरिंगशी झटापट करायची नाही आणि ब्रेक कंट्रोलरची कळ हाताने दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचे. नव्या गाड्यांतलं इलेक्ट्रॉनिक स्वे कंट्रोल (डोलणं आवरणारी यंत्रणा) यात मदत करतं, पण चुकीच्या भरलेल्या ट्रेलरला ते सरळ करू शकत नाही. ज्यांना माझं पटत नाही त्यांनी चालत्या पट्ट्यावर ठेवलेल्या छोट्या मॉडेल ट्रेलरचे व्हिडिओ शोधून बघावेत. वजन पुढे असताना मॉडेलला टिचकी मारली तरी ते पुन्हा सरळ होतं. तेच वजन मागे नेलं की एका टिचकीत उलथतं.

जड सामान अ‍ॅक्सलजवळ आणि शक्य तितकं खाली ठेवायचं. दोन्ही टोकांना वाटून ठेवलं तर टंग वेट बरोबर दिसेल, पण एकदा डोलायला लागलेला ट्रेलर थांबणं अवघड होईल. पाण्याची टाकी अ‍ॅक्सलच्या पुढे आहे की मागे हेही खरेदीपूर्वी वाकून बघायचं. दीडशे लिटर पाणी म्हणजे दीडशे किलो, आणि ते चुकीच्या बाजूला असेल तर टाकी भरताच बॉलवरचं वजन बदलतं.

आता पहिला आणि दुसरा मुद्दा एकत्र घेतो, कारण दोन्हींची चूक एकच आहे. टो रेटिंग हा खोटा आकडा नाही, एवढं मी मान्य करतो. तो ठरवण्यासाठी एसएई या अभियंत्यांच्या संस्थेचं जे२८०७ नावाचं मानक आहे. त्यात अ‍ॅरिझोनामधल्या डेव्हिस डॅमच्या चढावर, एसी चालू ठेवून, ट्रेलर ओढत ठरावीक वेग टिकवावा लागतो. टोयोटाने २०११ च्या मॉडेलांपासून ते सगळ्यांत आधी स्वीकारलं, बाकीच्या मोठ्या कंपन्या नंतर आल्या. पण याच मानकाने गाडीत काय धरलंय ते बघा: ड्रायव्हर आणि एक प्रवासी, प्रत्येकी १५० पौंड, म्हणजे ६८ किलो. त्यावर हिचच्या साहित्यासाठी थोडी सूट. टंग वेट १० टक्के. मुलं, मागच्या रांगेतली आजी, सायकली, कूलर यांतलं काहीच हिशोबात नाही.

भावाचं उदाहरण घेऊ. समजा टो रेटिंग ३,७०० किलो आहे आणि दाराच्या चौकटीवरच्या पिवळ्या-पांढऱ्या स्टिकरवर माणसं आणि सामान मिळून ७०० किलोची मर्यादा लिहिली आहे. चार माणसं २७० किलो, डिकीतलं सामान ९०, हिचचं साहित्य ४०. झाले ४००. उरले ३००. भरलेला ट्रेलर ३,००० किलोचा आणि टंग वेट १३ टक्के धरलं तर बॉलवर ३९० किलो येतात, आणि हा भारही गाडीच्या पेलोडमध्येच मोजतात. म्हणजे रेटिंगच्या ७०० किलो आत राहूनही गाडी ९० किलोंनी जास्त भरली. उरलेल्या ३०० किलोंत बसणारा ट्रेलर सुमारे २,३०० किलोचा निघतो. जाहिरातीतल्या ३,७०० शी त्याचा काही संबंध नाही. मोठ्या एसयूव्हीत पेलोड बहुधा टो रेटिंगच्या आधी संपतो, आणि ही पोस्ट नेमकं तेच स्टिकर बघू नका म्हणते!

ब्रोशरमधलं ट्रेलरचं वजनही रिकाम्या ट्रेलरचं असतं. त्यात पाणी, भांडी, अंथरुणं, खाणं नसतं. गॅस आणि बॅटरीही अनेकदा नसतात. हिशोब ट्रेलरच्या प्लेटवर लिहिलेल्या कमाल भारित वजनावर करायचा.

चौथ्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे आणि ते नाइलाजाने कबूल करतो. वेट डिस्ट्रिब्युशन हिचचे स्प्रिंग बार मागच्या अ‍ॅक्सलवरचा काही भार पुढच्या अ‍ॅक्सलवर आणि थोडा ट्रेलरच्या अ‍ॅक्सलवर ढकलतात. पुढची चाकं हलकी पडली की स्टिअरिंग आणि ब्रेकची पकड कमी होते, म्हणून बऱ्याच गाड्यांना ठरावीक वजनापुढे हा हिच हवाच. गाडीमागे हिच बसवायची जी खाच असते, त्या रिसीव्हरच्या लेबलवर हा हिच असताना आणि नसताना असे दोन वेगळे आकडेही असतात. पण दारावरचा आकडा त्याने वाढत नाही. मागच्या सस्पेन्शनला हवेच्या पिशव्या (एअरबॅग) किंवा जाड स्प्रिंग बसवले तरीही वाढत नाही. गाडीचा खाली बसलेला मागचा भाग फक्त वर उचलला जातो.

युरोपचं उदाहरण देणाऱ्यांनी तिथले वेगही सांगावेत. जर्मनीत ट्रेलर जोडलेल्या गाडीला ताशी ८० किलोमीटरची मर्यादा आहे, वेगळी मंजुरी असेल तरच १००. ब्रिटनमध्ये मोटरवेवरही ६० मैल. तिथले कॅरॅव्हॅन, म्हणजे तिकडचे ट्रॅव्हल ट्रेलर, हलके असतात, बॉलवर बहुधा शंभर किलोच्या आसपासच भार येतो. ट्रेलर अमेरिकी बांधणीचा, वेग अमेरिकी हायवेचा आणि टंग वेटचा नियम युरोपचा, अशी मिसळ चालणार नाही.

"इंजिन चारशे हॉर्सपॉवरचं आहे" हे पोस्टखाली लिहिणाऱ्यांना एवढंच: ओढता येईल, प्रश्न थांबवता आणि सावरता येण्याचा आहे. "माझा मित्र एवढ्याच वजनाची बोट ओढतो" म्हणणाऱ्यांनी बोटीची निमुळती नाळ आणि ट्रेलरची सपाट उंच भिंत वाऱ्यासमोर शेजारी उभी करून बघावी. काही मॅन्युअलमध्ये ट्रेलरच्या दर्शनी क्षेत्रफळाचीही मर्यादा दिलेली असते, ती शोधावी. लांबीचंही तेच. शेव्हरोलेच्या टाहो या मोठ्या एसयूव्हीपेक्षा त्यांच्याच सबर्बनचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) बराच लांब आहे आणि ट्रेलर ओढताना लांब गाडी जास्त स्थिर राहते, तरी टो रेटिंग सबर्बनचंच किंचित कमी, कारण ती स्वतः जड आहे. फक्त एक आकडा बघून गाडी निवडणाऱ्याला हे कळणारच नाही.

भावाकडून मी दोन फोटो मागितले आहेत: दाराच्या चौकटीवरचं स्टिकर आणि त्याला आवडलेल्या ट्रेलरची वजनाची प्लेट. आकडे जुळले तर त्याने तो घ्यावा, भरावा आणि पहिल्याच दिवशी वजनकाट्यावर तीनदा न्यावा: हिचचे स्प्रिंग बार लावून, ते बार काढून, आणि ट्रेलर सोडून नुसती गाडी. मागच्या अ‍ॅक्सलचा आकडा लेबलवरच्या मर्यादेपेक्षा एक किलोने जरी जास्त आला, तरी सामान उतरवायचं, मागे सरकवायचं नाही.