कोरियन साहेबाचा पेला आणि बदनाम कन्फ्यूशियस

कोरियन कंपनीत नोकरी धरणाऱ्याला एक फॉरवर्ड हमखास येतो: ‘साहेबाने ओतलेली दारू नाकारू नका. कन्फ्यूशियसची शिकवण आहे, हजारो वर्षांची परंपरा आहे. नाकारलीत तर अपमान होतो. त्या लोकांना चढत नाही, तुम्हीच सांभाळा.’

कन्फ्यूशियस हा प्राचीन चिनी तत्त्वज्ञ प्यायचा, हे खरं. त्याच्या वचनसंग्रहात म्हटलंय की दारूचं माप त्याने ठरवलं नव्हतं, पण तोल जाईल इतकी तो घेत नसे. या पंथाच्या प्राचीन ग्रंथांत दारूविरुद्ध अख्खं फर्मान आहे. चीनचं शांग राजघराणं बुडालं त्याचा दोष त्यात दारूवरही आहे. ‘ली-जी’ या आचारग्रंथातली युक्ती तर झकासच. पेल्याच्या एका फेरीमागे यजमान-पाहुण्यांनी इतके नमस्कार घालायचे, की दिवसभर पिऊनही कुणाला चढू नये!

परंपरेचं म्हणाल, तर कोरियाचं जोसन राज्य कट्टर कन्फ्यूशियन. तिथल्या योंगजो राजाने दारूबंदी केली आणि ती मोडल्याबद्दल 1762 मध्ये एका लष्करी अधिकाऱ्याचं मुंडकं उडवलं. सोजू ही कोरियाची लाडकी दारू; तिची ऊर्ध्वपातनाची विद्या आली तेराव्या शतकात, मंगोलांबरोबर. आजची स्वस्त, पाणी घातलेली सोजू फोफावली ती 1965 मध्ये धान्यापासून दारू गाळण्यावर बंदी आल्यावर.

थोरांना दोन हातांनी ओतायचं, दोन हातांनी घ्यायचं, त्यांच्यासमोर पिताना तोंड बाजूला वळवायचं, ही रीत मात्र खरोखर कन्फ्यूशियन वळणाची. पण ती पेला धरायचा कसा हे सांगते. किती रिचवायचे हे नाही. बिअरमध्ये सोजू ओतून एका दमात संपवायला लावणं ही माझ्या मते बराकीतून ऑफिसात आलेली दांडगाई.

आणि अपमान? हाताखालच्या महिलेला बळजबरीने पाजणाऱ्या वरिष्ठाला सोलच्या उच्च न्यायालयाने 2007 मध्येच भरपाई द्यायला लावली. 2019 पासून तिथे कामाच्या जागी छळाविरुद्ध कायदा आहे; दारूची सक्ती त्यात बसू शकते. व्हिएतनाममध्ये तर 2020 पासून दुसऱ्याला प्यायला भरीस पाडणंच बेकायदा.

‘चढत नाही’ हे तर उलटंच. पूर्व आशियातल्या सुमारे तिसऱ्या हिश्श्याच्या लोकांत दारू पचवणारं एक विकर (एन्झाइम) नीट चालत नाही. दोन घोटांत चेहरा लाल.

तेव्हा पीत नसाल तर सुरुवातीलाच सांगा, पेल्यात लिंबू सोडा घ्या आणि साहेबाचा पेला रिकामा दिसला की दोन हातांनी भरा.