‘आयरिशमध्ये विशेषण बदलतच नाही’? बदलतं की!

आयरिश शिकणाऱ्यांना धीर देणारा एक मजकूर बराच फिरतो: विशेषण नामानंतर ठेवा, ते कधी बदलत नाही, स्पेलिंगमधला ‘एच’ शोभेचा, तुलना करायची तर आधी ‘नीस’ लावा, संपलं. धीर देणं चांगलंच, पण हे काही खरं नाही.

आधी ‘एच’. ‘मोर’ म्हणजे मोठा (पक्ष्याशी संबंध नाही). ‘फ्यर मोर’ म्हणजे मोठा पुरुष, मोठी बाई मात्र ‘ब्यन वोर’. (उच्चार अंदाजे, भागाभागात फरक पडतो.) ‘म’चा ‘व’ झाला, आणि ‘एम’पुढचा ‘एच’ नेमकं तेच सांगतो. जुन्या आयरिश वळणाच्या छपाईत तिथे अक्षराच्या डोक्यावर टिंब असायचं. रोमन टाइपात त्याची जागा ‘एच’ने घेतली.

हा ‘म’ मऊ का पडतो, हे मला या व्याकरणातलं सगळ्यात देखणं प्रकरण वाटतं. फार पूर्वी बाईसाठीचा शब्द ‘आ’ने संपायचा, पुरुषासाठीचा ‘स’ने. दोन स्वरांच्या कचाट्यात सापडलेला ‘म’ मऊ झाला, ‘स’पुढचा टणक राहिला. पुढे दोन्ही शब्दांची शेपटं गळाली, मऊपणा तेवढा उरला. अनेकवचनातही तेच. मोठे पुरुष ‘फिर वोरा’, कारण तिथे शेवटी ‘ई’ होती. मोठ्या बायका ‘म्ना मोरा’, कारण तिथे ‘स’ होता. आणि शेवटी वाढलेला स्वर? तो अनेकवचनाचा. म्हणे बदलत नाही!

गैरसमज बहुधा पहिल्या धड्यातून येतो. ‘बाई मोठी आहे’ हे ‘ता अन व्यन मोर’, ‘पुरुष मोठे आहेत’ हे ‘ता न फिर मोर’. विधेयात विशेषण खरोखरच ढिम्म हलत नाही. आपण तिथेही ‘मोठी’, ‘मोठे’ करतो, म्हणून आपल्याला हे उलटं वाटतं.

नामानंतर ठेवायचं, हे बहुतेक वेळा बरोबर. पण ‘शॅन’ (म्हातारा, जुना) नामाआधी जोडूनच येतं: म्हातारी बाई म्हणजे ‘शॅनव्यन’.

राहिलं ‘नीस’. ‘बान’ (पांढरा) याचं ‘नीस बान्ये’ होतं, म्हणजे विशेषणाचं रूप तिथेही पालटलंच; हे रूप स्त्रीलिंगी षष्ठीसारखंच असतं. रोजच्या वापरातली विशेषणं तर वाटच सोडतात: ‘मोर’चं ‘नीस मो’, ‘ब्यग’ (लहान) याचं ‘नीस लू’, ‘मह’ (चांगला) याचं ‘नीस फ्यार’. यातला स्वर लांबवायला विसरलात, तर ‘अधिक चांगला’ऐवजी ‘पुरुष’ म्हणून बसाल.