फुकट आहे म्हणून पोतं भरायचं?

दरवर्षी तेच! आमच्या भागातला मोफत पुस्तकं-मासिकांचा मेळा सकाळी दहाला उघडतो आणि साडेदहाला निम्मी टेबलं रिकामी. वाचणाऱ्यांनी नेली असती तर आनंदच होता. पण लोक नावसुद्धा न बघता पिशव्या भरतात हो! यंदा माझ्यासमोर एका बाईंनी एकाच दिवाळी अंकाच्या चार प्रती कोंबल्या. विचारलं तर म्हणाल्या, "असू देत, पैसे थोडेच पडतायत?"

अहो, ते अंक कुणीतरी वर्षानुवर्षं जपलेले असतात. 1909 मध्ये का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपल्याकडे ही परंपरा आहे. एक अंक चार घरं फिरायचा, मग वाचनालयात जायचा. आणि इथे? पुढच्याच आठवड्यात त्यातले काही, मेळ्याचा शिक्का असलेले, मला कोपऱ्यावरच्या रद्दीच्या दुकानात दिसले. तराजूवर!

देणारेही कमी नाहीत. वाळवी लागलेली गाइडं, सोडवून झालेले अपेक्षित प्रश्नसंच आणून टाकतात. घरातला कचरा काढायची जागा आहे का ही?

साडेअकराला क्लास सुटल्यावर सहावीतली एक मुलगी धावत आली. 'किशोर'चे जुने अंक हवे होते तिला. बालभारती 1971 पासून काढतंय ते मासिक, तिथे सकाळी गठ्ठाभर होते. एकही उरला नव्हता. रिकाम्या हातांनी गेली ती, आणि माझा अजून संताप होतोय.

माणशी पाच, एवढी एक पाटी लावा ना! तीन वर्षं सांगतेय.