पंपाची सवय लागत नाही : दम्याविषयीच्या एका संदेशाला उत्तर

पावसाळा सुरू झाला की कोकणातील व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश हमखास फिरू लागतो. दम्याचा पंप एकदा लागला की जन्मभर सुटत नाही. त्यातील औषध हृदयाला घातक असल्याने त्यापेक्षा गोळी बरी. आणि दम लागलाच तर आधी ओवा-कापराची वाफ घ्यावी, पंप अगदी नाइलाज झाल्यावर, असे त्याचे थोडक्यात म्हणणे आहे. यांपैकी पहिल्या विधानात सत्याचा एक अंश आहे आणि नेमका तोच उलटा मांडलेला असल्याने त्याला सविस्तर उत्तर द्यावे लागते.

तातडीने आराम देणाऱ्या, बहुधा निळ्या रंगाच्या पंपात सॅल्ब्युटामॉल असते. श्वासनलिकांभोवतीचे आवळलेले स्नायू ते काही मिनिटांत सैल करते आणि त्याचा परिणाम साधारण चार ते सहा तास टिकतो. या औषधाची तल्लफ लागत नाही. तरीही काही रुग्णांचा पंप दिवसेंदिवस अधिक वेळा हाताशी येतो, हे निरीक्षण खोटे नाही. याचे कारण असे की, दमा हा मुळात श्वासनलिकांच्या आतल्या सुजेचा आजार असून सॅल्ब्युटामॉल त्या सुजेला हातही लावत नाही. सूज वाढत राहिली की पंपाची गरज वाढते, आणि रोज वारंवार घेतल्यास त्याचा परिणामही काहीसा उणावतो. आपल्याकडे चार महिने ओलीने फुगलेल्या भिंतींवर बुरशी चढते, न वाळलेल्या गोधड्यांत धुळीतले सूक्ष्म कीटक वाढतात, पुढे गणपतीआधीची झाडलोट आणि रंगकाम येते, उन्हाळ्यात भाजावळीचा धूर असतो. अशा घरात केवळ निळ्या पंपावर दिवस काढणाऱ्याचा आजार वाढला, तर दोष पंपाच्या माथी मारला जातो.

सूज कमी करण्यासाठी दुसरे औषध असते, ते म्हणजे बुडेसोनाइड किंवा बेक्लोमेथासोन यांसारखे श्वासातून घ्यायचे स्टेरॉइड. ‘ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर अस्थमा’ या संस्थेने 2019 पासून प्रौढांना व किशोरवयीनांना एकटे सॅल्ब्युटामॉल देऊन दम्याचा उपचार करू नये अशी शिफारस केली आहे. वर्षाला निळ्या पंपाचे दोनशे मात्रांचे तीन किंवा अधिक डबे संपत असतील तर तीव्र झटक्यांचा धोका वाढलेला आढळतो, आणि बारा किंवा अधिक संपत असतील तर मृत्यूचाही. त्यामुळे निळा पंप वरचेवर लागू लागणे हा डॉक्टरांकडे जाण्याचा इशारा समजावा. संदेश वाचून घाबरलेला माणूस मात्र बहुतेक वेळा नेमका रोजचा स्टेरॉइडचा पंप बंद करतो, कारण त्याने लगेच बरे वाटत नाही, आणि निळा तेवढा खिशात ठेवतो. काहींना बुडेसोनाइड आणि नलिका सैल करणारे फॉर्मोटेरॉल एकत्र असलेला एकच पंप रोजच्यासाठी व तातडीसाठीही दिलेला असतो. त्यांनी इतरांचे नियम स्वतःला लावू नयेत.

गोळी बरी, या मुद्द्याला साधा हिशेब पुरेसा आहे. पंपाच्या एका फवाऱ्यात 100 मायक्रोग्रॅम सॅल्ब्युटामॉल असते, तर 4 मिलिग्रॅमच्या एका गोळीत त्याच्या चाळीसपट. गोळी पोटातून रक्तात उतरून सर्व शरीरभर फिरते, उशिरा लागू पडते, आणि हाताचा कंप व छातीची धडधड तिनेच अधिक होते. पंपानेही थोडी धडधड होऊ शकते. हृदयविकार असलेल्यांनी ते डॉक्टरांना आधी सांगावे, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी तसेच काही वेदनाशामकांनी दमा बिघडू शकतो, हेही विचारून घ्यावे.

पंप चालत नाही, ही तक्रार पुष्कळदा घेण्याच्या पद्धतीची असते. डबा हलवावा, श्वास पूर्ण सोडावा, पंपाच्या तोंडाभोवती ओठ घट्ट मिटून सावकाश खोल श्वास घेऊ लागतानाच दाबावे आणि सुमारे दहा सेकंद श्वास रोखावा. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावल्यास औषध घशात कमी बसते. मुले आणि वृद्ध यांच्यासाठी तो जवळजवळ अनिवार्यच मानावा. स्टेरॉइड घेतल्यावर चूळ भरावी. कॅप्सूल फोडून ओढायची पूड असेल तर आपल्या दमट हवेत ती गोळा होते, म्हणून कॅप्सूल घेण्याच्या वेळीच पाकिटातून काढावी. डबा पाण्यात तरंगतो का हे पाहून शिल्लक औषध ओळखता येत नाही, आणि होडीत किंवा गाडीत उन्हात तो ठेवू नये.

राहिला वाफेचा सल्ला. वाफेने आवळलेल्या नलिका सुटत नाहीत, कापराचा उग्र वास काहींचा दमा उलट चाळवतो, आणि उकळत्या पाण्याने लहान मुले भाजतात. दम्याचा झटका आल्यास रुग्णाला ताठ बसवून स्पेसरमधून निळ्या पंपाचे एका वेळी एक असे चार ते दहा फवारे द्यावेत, आणि डॉक्टरांनी वेगळी योजना लिहून दिली असेल तर तिच्याप्रमाणे वागावे. वाक्य पुरे बोलता येत नसेल, ओठ निळसर पडत असतील किंवा आराम टिकत नसेल, तर लगेच 108 वर फोन करावा. वाडीपासून रुग्णालय दूर असेल तर गाडी येईपर्यंत आणि वाटेतही दर वीस मिनिटांनी फवारे देत राहावे.