हवा खायला गेलो, तेव्हा

डॉक्टर म्हणाले, "चार दिवस कुठेतरी जाऊन हवा खाऊन या." त्यांच्या डोळ्यांसमोर एखादं डोंगरावरचं थंड गाव असणार. बायकोच्या डोळ्यांसमोर मात्र बेट आलं. बेटावर सहा खोल्यांचं गेस्टहाउस, समोर प्रवाळ, प्रवाळात कासवं आणि जाहिरातीत तीनदा आलेला 'शांत' हा शब्द. डायव्हिंगचा पहिला कोर्स आम्ही दोघांनी आधीच केला होता. (मी पास झालो तो शिक्षक कंटाळला म्हणून, असं तिचं म्हणणं.) गेलो.

पाण्याखाली हवा खाणं हा नुसता वाक्प्रचार उरत नाही, हे पहिल्याच दिवशी कळलं. पाठीवर 12 लिटरचं सिलिंडर. त्यात 200 बार दाबानं हवा ठासलेली. मोकळी सोडली तर 2400 लिटरच्या आसपास भरेल. मी म्हटलं, "एवढी? परवापर्यंत पुरेल की!" गाइड नुसताच हसला. भानगड अशी, की दर 10 मीटरला दाब एका वातावरणाइतका वाढतो आणि आपल्याला हवा मिळते ती त्या वाढलेल्या दाबाची. 18 मीटरवर एकेका श्वासाला वरच्या जवळजवळ तिप्पट हवा खर्ची पडते. त्यातून तोंडात असतो तो रेग्युलेटर. 1943 साली जाक कूस्तो आणि एमिल गान्याँ या दोघांनी असा व्हॉल्व्ह जमवला, की श्वास ओढाल तेव्हा आणि ओढाल तेवढी हवा तो देतो. मागेल तेवढं देणारी वस्तू कोणाच्या तोंडी द्यावी याचा काही विचार त्यांनी केलेला दिसत नाही.

आमचा गाइड एकच होता. त्यामुळे एकाची हवा संपत आली की सगळ्यांनी वर यायचं. सगळे एका कपारीत दडलेल्या ऑक्टोपसभोवती जमले होते. तो रंग बदलत होता, लोक हरखले होते, आणि मी छातीवर मूठ टेकवून उभा. 'हवा संपत आली' याची ती खूण. एकविसावं मिनिट होतं. वाटेत 5 मीटरवर तीन मिनिटं थांबावं लागतं, अंगात मुरलेला नायट्रोजन सावकाश बाहेर पडावा म्हणून. ती तीन मिनिटं सगळे एका दोराला धरून माझ्याकडे बघत होते. पाण्याखाली बोलता येत नाही, हा डायव्हिंगचा फार मोठा गुण आहे.

दुसऱ्या दिवशी तेविसावं मिनिट. टाळ्या पडतील असं मला वाटलं होतं. तिसऱ्या दिवसापर्यंत लोक मला पाण्यात पाहू लागले. म्हणजे पाण्यात ते मला आधीपासूनच पाहत होते, आता जेवणाच्या टेबलावरही पाहू लागले. सहा खोल्यांच्या गेस्टहाउसात टेबल एकच असतं. सत्तरीच्या एक बाई रोज 120 बार शिल्लक ठेवून वर येत. त्यांनी मायेनं सल्ला दिला, "हळू श्वास घ्यायचा." लगेच गाइड म्हणाला, "पण रोखायचा मात्र कधीच नाही." तेही खरंच. श्वास रोखून वर आलं तर आतली हवा फुगून फुप्फुस फाटू शकतं. थोडक्यात, कमी घे पण थांबवू नकोस. मग पाण्यात उतरल्यापासून मी फक्त श्वासाचाच विचार करू लागलो आणि जो श्वासाचा विचार करतो त्याला धाप लागते.

आजूबाजूला तर सगळे काटकसरीचे नमुने. समुद्रकाकडी मागच्या बाजूनं श्वास घेते आणि त्याबद्दल तिला कोणी काही बोलत नाही. हिरवं कासव निवांत पडलं असेल तर एका श्वासावर तासन्‌तास खाली झोपतं. असंच एक कासव प्रवाळाच्या छज्ज्याखाली झोपलेलं दिसलं. त्यानं एक डोळा उघडला, माझ्या बुडबुड्यांचा डोंगर पाहिला आणि डोळा मिटून घेतला. मी मूठ छातीकडे नेत होतो, तेवढ्यात बायकोनं ती धरून खाली दाबली. लोकांना वाटलं, किती प्रेम!

रात्री जनरेटर बंद झाला की जाहिरातीतली शांतता खरोखरच यायची. चौथ्या दिवशी नाश्त्याला शेजारच्या खोलीतले गृहस्थ अगदी सभ्यपणे म्हणाले, "रात्रीसुद्धा तुमचा वापर जास्तच दिसतो." मधली भिंत फळ्यांची होती.

त्याच दिवशी गाइडनं माझ्यासमोर 15 लिटरचं सिलिंडर आणून ठेवलं. दुकानदार काही न बोलता एक माप मोठा सदरा काढून देतो, तसं. होडीपर्यंत चालताना माझी इतकी दमछाक झाली, की वाढीव हवेचा मोठा हिस्सा भरपाईतच गेला असावा. तरी तिसावं मिनिट गाठलं. मूठ छातीवर ठेवायला मी जरा वळलो, तेवढ्यात माझ्या पाठीमागून काहीतरी मोठं गेलं म्हणे. काय ते अजून कोणी मला सांगितलेलं नाही.

शेवटच्या दिवशी मला सुट्टी. विमानाआधी 18 तास तरी डाइव्ह करू नये असा दंडक आहे आणि आमचं विमान दुसऱ्या सकाळचं होतं. बायको पडवीत पुस्तक घेऊन बसली. बाकीचे गेले. इतक्या हसतखेळत ते आठवड्याभरात एकदाही निघाले नव्हते. मी वाळूत जाऊन बसलो. ही पांढरीशुभ्र वाळू बरीचशी पोपटमाशांच्या पोटातून आलेली असते. ते प्रवाळ कुरतडतात आणि भुगा मागे टाकतात. हे कळल्यावर उठलो, नुसता मास्क आणि नळी घेतली आणि गुडघ्यापेक्षा जरासं जास्त पाणी लागेपर्यंत आत गेलो. इथे हवा फुकट. मोजणारं कोणी नाही. पालथा पडून मनसोक्त खाल्ली.

तेवढ्यात हाताच्या अंतरावर पाणी फुटलं, एक डोकं वर आलं आणि 'फुस्‌' असा आवाज झाला. कासव. तोंड उघडून त्यानं घाईघाईनं हवा आत ओढली. तो हावरट आवाज मला ओळखीचा वाटला. मग ते खाली गेलं.

जेवताना मी सांगितलं. टेबल गप्प. मग 120 बारवाल्या बाईंनी विचारलं, "किती वेळ दिसलं?"

"दोन सेकंद."

"तरी बरं," शेजारच्या खोलीतले गृहस्थ म्हणाले, "वर यायला आम्ही नव्हतो."