दात येताना जुलाब होतातच? फिरत्या सल्ल्याचा मुद्देसूद प्रतिवाद

तान्ह्या बाळांच्या आयांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक सल्ला सतत फिरत असतो. शब्द बदलतात, मजकूर साधारण असा असतो: ‘दात येताना बाळाला जुलाब होतातच. घाबरू नका, अंगातली उष्णता बाहेर पडते. दूध बंद करून पोटाला आराम द्या, साबुदाण्याचं पाणी पाजा. जायफळ उगाळून चाटवा. बाळ मलूल वाटलं तर ग्लुकोज पावडर किंवा ओआरएसचं तयार पेय द्या. टाळू खोल गेली तर तेल भरा. तरीही थांबलं नाही तर मेडिकलमधून जुलाब बंद करायचं औषध आणा.’

पाठवणाऱ्यांच्या मायेबद्दल शंका नाही. पण यातल्या पहिल्या वाक्यामुळे मौल्यवान वेळ जातो आणि पुढच्या बहुतेक वाक्यांमुळे बाळाच्या अंगातलं पाणी आणखी घटतं. ७ किलोच्या बाळाच्या अंगातून ७०० मिलिलीटर पाणी गेलं, म्हणजे वजनाचा दहावा हिस्सा, तर त्याच्या जिवाला धोका असतो. एवढं पाणी एका दिवसातही जाऊ शकतं. म्हणून एकेक वाक्य नीट तपासून पाहू.

‘दात येताना जुलाब होतातच’

दुधाचे दात २०. पहिला बहुधा सहाव्या महिन्याच्या आसपास दिसतो, पण चौथ्यापासून बाराव्या महिन्यापर्यंत कधीही येऊ शकतो. शेवटची दाढ येईतो मूल अडीच-तीन वर्षांचं होतं. म्हणजे या दोन-अडीच वर्षांत बाळ कधीही आजारी पडलं, तरी तोंडात बोट घालून पाहिलं की कुठला तरी दात वर येताना सापडणारच. दात आणि जुलाब एकाच वेळी दिसतात, म्हणून एकामुळे दुसरं होतं असं ठरत नाही.

लाळ गळणं, हिरड्या शिवशिवणं, किरकिर, हाती येईल ते चावणं, रात्रीची झोप मोडणं, एवढं दाताच्या खात्यावर टाकता येतं. त्यावर उपाय स्वच्छ बोटाने हिरडी हलकेच चोळणं, किंवा उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेलं स्वच्छ, थंड फडकं चावायला देणं. हिरडी बधिर करणारं जेल मात्र लावू नये. त्यातल्या बेंझोकेनमुळे रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता अचानक घटू शकते. १००.४ फॅरनहाइट (३८ सेल्सिअस) किंवा त्याहून जास्त ताप, पाण्यासारखी शी आणि उलट्या ही दाताची लक्षणं नाहीत.

मग नेमकं याच वयात जुलाब का होतात? एक तर आईकडून गर्भात मिळालेली, जंतूंशी लढणारी प्रतिपिंडं सहा महिन्यांच्या सुमारास ओसरतात. त्याच सुमाराला बाळ पालथं पडून सरकू लागतं, फरशीवरची प्रत्येक वस्तू तोंडात जाते. आणि वरचं अन्न सुरू होतं, त्याबरोबर वाट्या, चमचे, बाटल्या आणि पाणी येतं. बाटलीचं बूच आणि बोंडल्याची अरुंद चोच आतून नीट घासताच येत नाही. तिथे दुधाचा थर राहतो आणि त्यात जंतू वाढतात. वाटी-चमचा वापरला तर हा प्रश्नच येत नाही, कारण सगळा पृष्ठभाग हाताला लागतो, घासता येतो, उकळता येतो. चावायला दिलेली खेळणी दिवसात दहा वेळा खाली पडतात, तीही रोज धुवायला हवीत.

लहान मुलांच्या तीव्र जुलाबांचं एक मोठं कारण रोटाव्हायरस हा विषाणू. त्याची लस २०१६ पासून सरकारी लसीकरणात टप्प्याटप्प्याने आली. ती ६, १० आणि १४ आठवड्यांना तोंडावाटे आणि मोफत मिळते. बाळाच्या कार्डावर त्या तिन्ही नोंदी आहेत का, ते आजच पाहून घ्यावं.

एक उलटी चूकही होते, तीही सांगायला हवी. फक्त अंगावर पिणारं बाळ प्रत्येक पाजण्यानंतर पिवळी, पातळ, दाणेदार शी करू शकतं, कधी दिवसात आठ-दहा वेळा. वजन वाढतंय, बाळ खेळतंय, लघवी भरपूर होतेय, तर तो आजार नाही. नेहमीपेक्षा शी अचानक पातळ झाली, पाण्यासारखी झाली आणि वेळा वाढल्या, तर तिला जुलाब म्हणायचं.

‘दूध बंद करा, पोटाला आराम द्या’

आतड्याला आराम नको, अन्न हवं. जुलाबात आतड्याच्या आतल्या अस्तराची झीज होते आणि ते भरून यायला पोषण लागतं. उपाशी ठेवल्याने जुलाब लवकर थांबत नाहीत, बाळाचं वजन मात्र घटतं. अशक्त बाळाला पुढचा जंतुसंसर्ग लवकर होतो, आणि तोही अधिक जोराने.

अंगावरचं दूध उलट जास्त वेळा पाजायचं. वरच्या दुधावरच्या बाळाला नेहमीचं दूध द्यायचं, त्यात पाणी वाढवून पातळ करायचं नाही. सहा महिन्यांपुढच्या बाळाला मऊ भात, मुगाच्या डाळीची खिचडी, कुस्करलेलं केळं, दहीभात थोडं थोडं, दर तीन-चार तासांनी. खिचडीत चमचाभर तूप किंवा तेल घालावं. बाळ एका वेळी कमी खातं, म्हणून घास दमदार हवा.

साबुदाण्याचं पाणी म्हणजे जवळजवळ नुसतं पिष्ट. त्यात प्रथिनं नाहीत म्हटलं तरी चालेल. पोट भरल्यासारखं वाटतं आणि बाळ दूध कमी पितं, हा त्याचा खरा तोटा. तांदळाची पेज मीठ घालून वर प्यायला द्यायला हरकत नाही, पण ती जेवणाच्या जागी नको. बरं झाल्यावर दोन आठवडे रोज एक जास्तीचं खाणं द्यावं, म्हणजे गेलेलं वजन परत येतं.

‘जायफळ उगाळून चाटवा’

जायफळाने गुंगी येते. निजलेलं बाळ पाहून घरच्यांना बरं वाटतं, पण जुलाबात बाळ मलूल होत चाललंय की नुसतं झोपलंय हे ओळखणं सर्वांत महत्त्वाचं असतं, आणि जायफळ नेमकं तेच झाकून टाकतं. उगाळताना किती गेलं याचं माप नसतं. शिवाय सहाण आणि त्यावरचं पाणी किती स्वच्छ, हा प्रश्न उरतोच. जायफळ चाटवताना मध वापरत असाल तर आणखी एक धोका आहे. एक वर्षाच्या आत मध अजिबात नको, त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

‘ग्लुकोज पावडर किंवा ओआरएसचं तयार पेय द्या’

इथे जरा थांबायला हवं, कारण शब्द बरोबर आणि वस्तू चुकीची, असा घोळ इथेच होतो.

जुलाबात आतडं पाणी आणि क्षार शोषण्याचं बरंचसं काम सोडून देतं, पण एक वाट शाबूत राहते. ग्लुकोज आणि सोडियम एकत्र आले की आतड्याच्या पेशी दोन्ही आत ओढतात आणि त्यांच्यामागून पाणी आत जातं. यासाठी दोघांचं प्रमाण जुळावं लागतं. ओआरएस म्हणजे अशा जुळलेल्या प्रमाणातलं साखर आणि क्षारांचं मिश्रण. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार एक लिटर पाण्यात ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असतं. साखर जास्त झाली तर ती आतड्यातच राहून अंगातलं पाणी बाहेर ओढते आणि जुलाब वाढतात. ग्लुकोज पावडरमध्ये साखर भरपूर, पण हवे ते क्षार हव्या त्या प्रमाणात नाहीत. खोक्यांतल्या फळांच्या चवीच्या गोड पेयांचंही तेच. अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ हा शब्द वापरायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली. खरेदी करताना पुढचं मोठं नाव वाचू नका. पाकिटाच्या मागे जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र आणि वरचे चार घटक आहेत का, ते वाचा.

हे सूत्र घरच्यांच्या हाती द्यायला सोपं आहे, याचा मोठा पुरावा १९७१ चा. बांगलादेशाच्या लढ्यात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचं मिश्रण पाण्यात घालून ते रुग्णांच्या नातेवाइकांकरवीच पाजलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आलं. त्यांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

आता कृती. हात साबणाने धुवा. उकळून गार केलेलं एक लिटर पाणी मोजून घ्या, एक लिटरची पाण्याची स्वच्छ बाटली मापाला चालते. ओआरएसचं एक लिटरचं मोठं पाकीट पूर्ण त्यात ओता, विरघळेपर्यंत ढवळा. चार-साडेचार ग्रॅमची छोटी पाकिटं २०० मिलीसाठी असतात, म्हणून पाकिटावरचा आकडा दरवेळी वाचायचा. मिश्रण पुन्हा उकळायचं नाही, त्यात साखर, दूध किंवा सरबत घालायचं नाही. झाकून ठेवा आणि २४ तासांनी उरलेलं ओतून द्या.

सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे एक लिटरच्या पाकिटातली अंदाजे चिमूट-दोन चिमटी पेल्यात टाकणं. मीठ जास्त पडलं तर रक्तातलं सोडियम चढून झटके येऊ शकतात, कमी पडलं तर उपयोग होत नाही.

दोन वर्षांच्या आतल्या मुलाला प्रत्येक पातळ शीनंतर ५० ते १०० मिली, त्यापुढच्या मुलाला १०० ते २०० मिली. एकदम पेला तोंडाला लावला की उलटी होते. चहाच्या चमच्याने, दर एक-दोन मिनिटांनी एक चमचा द्यायचा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, आणखी सावकाश. हे काम कंटाळवाणं असतं, रात्री तर फारच. म्हणून आई, बाबा, आजी यांनी पाळ्या लावून घ्याव्यात.

पाकीट हाताशी नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चमचा ५ मिलीचा. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर फेकून पुन्हा करा. यात पोटॅशियम नसतं, म्हणून पाकीट मिळेपर्यंतच. आशाताई, अंगणवाडी आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात पाकिटं मोफत मिळतात. लहान मूल असलेल्या घरात दोन पाकिटं कायम असावीत.

‘ओआरएस देऊनही जुलाब थांबेनात’ म्हणून ते बंद करणारे पालक खूप आहेत. ओआरएसचं काम जुलाब थांबवणं नाही, गेलेलं पाणी भरून काढणं आहे. बहुतेक जुलाब पाच-सात दिवसांत आपोआप ओसरतात, आणि तोवर बाळाला तगवायचं असतं.

त्या सल्ल्यात झिंकचा (जस्ताचा) उल्लेखही नाही. डॉक्टर किंवा आशाताईंकडून मिळणारी २० मिलिग्रॅमची विरघळणारी गोळी चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात द्यायची. सहा महिन्यांपुढे रोज एक, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला अर्धी, असे पूर्ण १४ दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी गोळी थांबवायची नाही. तिच्यामुळे हा आजार आटोपशीर होतो आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत पुन्हा जुलाब होण्याची शक्यताही घटते.

‘मेडिकलमधून जुलाब बंद करायचं औषध आणा’

आणू नका. लोपरामाइडसारखी औषधं आतड्याची हालचाल रोखतात. जंतू आणि पाणी आतच साठतं, पोट फुगतं, तान्ह्या बाळाचं आतडं ठप्प होऊ शकतं. बाहेर शी दिसत नाही म्हणून घरचे निर्धास्त होतात, आणि पाणी मात्र आतड्यात साचलेलं असतं. प्रतिजैविकंही (अँटिबायोटिक्स) बहुतेक वेळा निरुपयोगी, कारण विषाणूवर ती चालत नाहीत. शीतून रक्त पडत असेल, कॉलऱ्याची शंका असेल, तर डॉक्टर ती ठरवून देतात.

‘टाळू खोल गेली तर तेल भरा’

सल्ल्यातलं हे सर्वांत घातक वाक्य. टाळू खोल जाते कारण अंगातलं पाणी घटलेलं असतं. वरून कितीही तेल घातलं तरी ते पाणी भरून येत नाही. आपल्या आज्यांनी ही खूण पिढ्यान्‌पिढ्या अचूक ओळखली, त्यांची नजर पक्की होती. ती दिसली की आता तेलाची वाटी बाजूला ठेवून निघायचं असतं.

त्याबरोबर आणखी काही खुणा पाहाव्यात. डोळे खोल गेलेत का? रडताना अश्रू येतात का? सहा-आठ तासांत लघवी झाली का? बेंबी आणि कूस यांच्या मधली कातडी चिमटीत धरून सोडा, ती लगेच सपाट व्हायला हवी. सावकाश बसली तर पाणी कमी झालंय, दोन सेकंदांहून जास्त लागले तर फारच. बाळ चमच्यावर अधाशासारखं झेपावतंय आणि चिडचिड करतंय, तर ओआरएस देत त्याच दिवशी दवाखाना गाठा. पीतच नाही, हाक मारली तरी नीट जागं होत नाही, मान टाकतंय, तर एक मिनिटही घालवू नका.

शीत रक्त, सतत उलट्या, हिरवी उलटी, फुगलेलं पोट, न उतरणारा ताप, झटके, यांतलं काहीही दिसलं तरी थेट रुग्णालय. बाळ दोन महिन्यांच्या आतलं असेल तर यातल्या एकाही खुणेची वाट न पाहता जुलाब सुरू होताच दाखवायचं. जुलाब १४ दिवसांपुढे गेले तर ओआरएसवर भागत नाही, तपासणी लागते.

महाराष्ट्रात १०८ वर फोन केला की रुग्णवाहिका मोफत येते. जागं असलेल्या बाळाला वाटेतही अंगावर पाजत राहा आणि चमच्याने ओआरएस देत राहा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, बाळाला कुशीवर धरा. पोहोचल्यावर डॉक्टरांना तीन गोष्टी आधी सांगा: शेवटची लघवी किती वाजता झाली, पाण्यासारखी शी किती वेळा झाली, आणि घरी काय काय पाजलं. जायफळ दिलं असेल तर तेही न लाजता सांगा.